विश्लेषण : पॉलिस्टायरीन नागोठण्यात, रंगाचा हात पेणमध्ये, मग रोबोटचं किट जपानहूनच का येतं?

गेल्या जुलैमधली गोष्ट. अलिबागच्या घरी गॅलरीत बसून मी साडेबारा सेंटीमीटर उंचीच्या एका रोबोटवर मॅट फिनिशचा स्प्रे मारला. पाऊस नुकताच थांबला होता. दहा मिनिटांनी पाहिलं तर निळी छाती, लाल पोट, सगळ्यावर पांढुरकी साय धरलेली. दोन संध्याकाळींची मेहनत पाण्यात!

तो रोबोट पिशवीत घालून मी पेणजवळच्या हमरापूरला आत्येभावाकडे गेलो. तो गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. चतुर्थीला दीड महिना राहिलेला, त्यामुळे कारखान्यात उभं राहायला जागा नव्हती. तरी त्याने हात पुसले, रोबोट उलटासुलटा करून पाहिला, सांधे बोटाने चाचपले आणि रंगाविषयी काही बोलण्याआधीच विचारलं, "ह्याचा साचा कुणी केला रे? आणि एवढे तुकडे कशाला केलेत?"

त्याचे दोन्ही प्रश्न बरोबर होते. मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी असूनही मला त्यांची उत्तरं धड देता आली नाहीत. हा लेख म्हणजे त्या उत्तरांचा शोध.

'गनप्ला' म्हणजे नेमकं काय?

'गंडम' आणि 'प्लास्टिक मॉडेल' हे दोन शब्द जोडून जपानी लोकांनी 'गनप्ला' हा शब्द केला. 'मोबाइल सूट गंडम' ही अॅनिमेशन मालिका जपानमध्ये ७ एप्रिल १९७९ रोजी सुरू झाली. दिग्दर्शक होते योशियुकी तोमिनो. रोबोटला देवदूत किंवा राक्षस न दाखवता रणगाड्यासारखं युद्धाचं यंत्र म्हणून दाखवणारी ही गोष्ट होती. पहिल्या प्रक्षेपणात ती फारशी चालली नाही. ५२ भागांची योजना ४३ भागांत आटोपली आणि जानेवारी १९८० मध्ये मालिका संपली.

त्यानंतर गाडी रुळावर आली ती पुनःप्रक्षेपणामुळे आणि प्लास्टिकमुळे. जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने ३०० येनला पहिलं किट आणलं. पांढरं प्लास्टिक, जोडायला गोंद, रंग तुमचा तुम्ही द्यायचा. मुलांच्या रांगा लागल्या. आजवर अशी ७० कोटींहून अधिक किट्स विकली गेली आहेत.

आपल्याकडे महाकाय रोबोटची ओळख याहून वेगळ्या वाटेने झाली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' ही जपानी मालिका लागायची. मनगटावरच्या घड्याळातून हुकूम सोडणारा मुलगा आमच्या आई-वडिलांच्या पिढीला अजून आठवतो. पण त्या रोबोटचं किट काही आपल्या बाजारात आलं नाही. आपल्या हाताला मिळाले मेकॅनिक्सचे नटबोल्ट आणि दिवाळीतला मातीचा किल्ला.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे?

मालिकेतला मूळ रोबोट 'आरएक्स-७८-२' हा १८ मीटर उंच, म्हणजे साधारण सहा मजली इमारतीएवढा. जपानमधल्या योकोहामा बंदरात याच उंचीचा, हातपाय हलवणारा गंडम डिसेंबर २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत उभा होता.

डब्यावर १/१४४ लिहिलं असेल तर १८ मीटरला १४४ ने भागा, साडेबारा सेंटीमीटर. १/१०० म्हणजे १८ सेंटीमीटर. १/६० म्हणजे ३० सेंटीमीटर, शाळेतल्या फूटपट्टीएवढा.

दुसरी गोष्ट 'ग्रेड'. १९९० मध्ये हाय ग्रेड आला, १९९५ मध्ये १/१०० चा मास्टर ग्रेड, १९९८ मध्ये १/६० चा परफेक्ट ग्रेड. २०१० मध्ये आलेल्या रिअल ग्रेडने साडेबारा सेंटीमीटरच्या रोबोटमध्येही आतला सांगाडा बसवला. ग्रेड चढेल तसे तुकडे वाढतात, वेळ वाढतो आणि किंमतही. नवख्यांसाठी एन्ट्री ग्रेड आहे. माझं किट तेच होतं.

पहिलं किट कसं निघालं?

डबा उघडला की रोबोट दिसत नाही. दिसतात प्लास्टिकच्या चौकटी, त्यांत फळं लागावीत तसे लटकलेले तुकडे. या चौकटीला 'रनर' म्हणतात आणि तुकडा जिथे तिला चिकटलेला असतो त्या टोकाला 'गेट'. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. पुस्तिका जपानी, पण सगळी चित्रांत असल्याने अडत नाही.

किट जोखताना मी चार गोष्टी पाहिल्या.

पहिली, तुकड्यांची बसणी. गोंद लागत नाही, खुंटी भोकात दाबली की 'टक' आवाज येतो. सगळ्या किटमध्ये एकही तुकडा तासावा लागला नाही. इथे पूर्ण गुण.

दुसरी, रंगांची फोड. पांढरा, निळा, लाल, पिवळा हे सगळे रंग प्लास्टिकमध्येच आहेत. स्टिकर एकही नाही. समुद्राकाठी हा मोठा फायदा, कारण आमच्याकडच्या हवेत स्टिकरचे कोपरे सुटायला वेळ लागत नाही.

तिसरी, सांधे. गुडघा, कोपर चांगले वळतात आणि आधाराशिवाय रोबोट उभा राहतो.

चौथी, कापल्याच्या खुणा. एन्ट्री ग्रेडचे तुकडे हातानेच सुटतात, निप्पर लागत नाही. तरी काही ठिकाणी पांढरट ठिपका राहतो. तो ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासला की जातो. पुढच्या किट्ससाठी निप्पर लागतोच. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा, सर्किट बोर्डवरच्या तारा कापायचा छोटा कटर सुरुवातीला चालतो. मात्र गेट एकदम मुळाशी कापू नका. आधी थोडं लांबून, मग जवळून, असे दोन घाव घाला.

उणं एकच, किंमत. जपानमध्ये ७७० येन, म्हणजे साधारण साडेचारशे रुपयांचा डबा मला इथे दुपटीहून महाग पडला. ते का, हे पुढे येईलच.

मग स्प्रे का बिघडला?

दोष स्प्रेचा नव्हता, हवेचा होता. लॅकरमधलं द्रावण झपाट्याने उडतं. उडताना ते पृष्ठभाग थंड करतं. हवा दमट असेल तर त्या थंड थरावर बाष्प जमतं, ओल्या लॅकरमध्ये अडकतं आणि थर दुधाळ दिसू लागतो. थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून दव धरतं तोच प्रकार. जुलैमधल्या अलिबागमध्ये हे होणारच होतं.

आत्येभावाला हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. "पावसात आम्ही लॅकरची घाई करत नाही. मारायचंच तर खोली बंद, दिवे लावून तापवलेली," तो म्हणाला. "हा ठेव बाजूला. हवा सुकली की पातळ हात मारू." किनाऱ्यावर राहून हा छंद करणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

• जून ते सप्टेंबर जोडकाम, घासकाम करा. स्प्रे हिवाळ्यासाठी ठेवा.
• नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, कडक थिनर प्लास्टिकला लावू नका. रंगाबरोबर तुकडाही विरघळतो.
• पांढरा रोबोट खिडकीच्या उन्हात ठेवू नका, पिवळा पडतो. स्प्रे मारताना मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा.

हे प्लास्टिक कोणतं?

रनरच्या कडेला बारीक उठावाच्या अक्षरांत प्लास्टिकचं नाव असतं. माझ्या किटच्या बहुतेक रनरवर 'पीएस' होतं, म्हणजे पॉलिस्टायरीन. कडक, हलकं, बारीक नक्षी नीट उचलणारं आणि रंग धरणारं. काही किट्समध्ये सांध्यांसाठी मऊ 'पीई', म्हणजे पॉलिथिलीन आणि जास्त ताण येणाऱ्या भागांसाठी 'एबीएस' वापरतात.

इथे गोष्ट रायगडात परत येते. देशातला सर्वांत मोठा पॉलिस्टायरीन उत्पादक, सुप्रीम पेट्रोकेम, याचा कारखाना नागोठण्याजवळ आमडोशीला आहे. वाकण-रोहा रस्त्याने गेलेल्या कुणालाही तो ठाऊक असेल. तिथून जवळच पूर्वीचा आयपीसीएल आणि आताचा रिलायन्सचा प्रकल्प आहे, तिथे पॉलिथिलीन बनतं. पॉलिस्टायरीनचा कच्चा माल स्टायरीन हा मात्र परदेशातून जहाजाने येतो.

पॉलिस्टायरीनचं दुसरं रूप प्रत्येक मराठी घराने हाताळलं आहे. त्याचे दाणे फुगवले की थर्माकोल होतो. २०१८ मध्ये राज्यात बंदी येईपर्यंत आपल्या गणपतीची मखरं त्याचीच असायची. मखर आणि रोबोट रसायनाच्या हिशेबाने एकाच घरातले.

एवढे तुकडे का करावे लागतात?

आत्येभावाच्या या प्रश्नाचं उत्तर त्याच्या कारखान्यात समोरच टांगलेलं होतं : रबरी साचा.

पेण, हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात मूर्ती कशी होते? आधी मूळ मूर्ती मातीत घडवतात. तिच्यावर रबराचे थर चढवतात, बाहेरून आधाराला कडक कवच करतात. मग साच्यात काथ्या घातलेलं प्लास्टर ओततात. ते धरलं की कवच काढायचं आणि रबर मोज्यासारखं सोलून घ्यायचं. सोंडेची वळी असो की हाताखालची खाच, रबर ताणलं जातं आणि निघून येतं. त्यामुळे अवघड आकारही एकसंध निघतो.

रोबोटचा साचा स्टीलचा असतो. त्याचे दोन अर्धे घट्ट मिटतात, दोनशे अंशांच्या आसपास वितळलेलं पॉलिस्टायरीन प्रचंड दाबाने आत जातं, थंड होतं, साचा उघडतो आणि पिना तुकडे बाहेर ढकलतात. हे सगळं काही सेकंदांत. पण स्टील ताणलं जात नाही. साचा सरळ रेषेत उघडतो, त्यामुळे तुकड्याला आडवी खाच असेल तर तो आत अडकतो. म्हणून हात एकसंध करता येत नाही. खांदा, दंड, कोपर, मनगट असे भाग, त्यांचेही पुन्हा पुढचे-मागचे अर्धे. प्रत्येक तुकडा असा आखावा लागतो की तो सरळ बाहेर येईल, दुसऱ्याशी चपखल बसेल आणि जोडाची रेघ दिसणार नाही.

किटची खरी हुशारी या फोडणीत आहे. चार वर्षांच्या अभ्यासात इंजेक्शन मोल्डिंगवर मला एक धडा होता. आकृती काढली, नावं दिली, मार्क मिळाले. स्टीलचा साचा प्रत्यक्ष उघडताना मात्र मी कधी पाहिला नाही. तुकडे का करतात हे मला किट जोडताना कळलं.

मग इथे का बनत नाही?

साचे बनवणारे हात महाराष्ट्रात आहेत. भोसरीत, वसईत डाय-मोल्डची कामं होतात. गाड्यांचे भाग, बाटल्यांची झाकणं, बादल्या निघतात. अडतं ते खपाच्या आकड्यावर.

समजा, एका किटसाठी लागणाऱ्या सगळ्या स्टीलच्या साच्यांना ५० लाख रुपये लागले. एक हजार किट्स विकली गेली तर प्रत्येक डब्यावर साच्याचाच बोजा ५,००० रुपये. एक लाख विकली तर फक्त ५० रुपये. प्लास्टिकचा खर्च दोन्हीकडे सारखाच. जपानी कंपनीला सगळ्या जगाचं गिऱ्हाईक आहे, म्हणून तिचा डबा साडेचारशेत बसतो. शिवाय चार रंगांचं प्लास्टिक एकाच वेळी ओतणारी यंत्रं तिच्या कारखान्यात आहेत.

त्यात आयातीची बाजू. सीमाशुल्काच्या यादीत खेळणी, कोडी आणि छोटी मॉडेल्स एकाच ९५०३ क्रमांकाखाली येतात. या वर्गावरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. म्हणजे १०० रुपयांच्या मालावर ७० रुपये शुल्क. वाहतूक, जीएसटी आणि दुकानदाराचा नफा वेगळा.

दुसरा अडसर प्रमाणपत्राचा. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं चिन्ह सक्तीचं झालं. परदेशी माल असेल तर परवाना त्या परदेशी कारखान्याने घ्यायचा असतो, त्यासाठी तपासणी होते. हलक्या, विषारी रंगांच्या खेळण्यांना आळा घालण्यासाठी हे गरजेचंच होतं. पण मोजक्या प्रती आणणाऱ्या छोट्या दुकानदाराला हा खटाटोप परवडत नाही.

शुल्क वाढवल्याने बाहेरचा डबा महागतो. त्या जागी ठेवायला इथला डबा मात्र आपोआप तयार होत नाही. त्यासाठी आखणारा लागतो, साचा लागतो आणि पहिली हजारभर गिऱ्हाइकं लागतात.

शिझुओकाने काय केलं?

बांदाईचा गनप्लाचा कारखाना शिझुओका शहरात आहे. तामिया, हासेगावा, आओशिमा या मॉडेलच्या नामवंत कंपन्याही याच भागातल्या. हा योगायोग नाही. शिझुओका हे मुळात लाकूडकामाचं गाव. तामिया १९४६ मध्ये सुरू झाली ती लाकडाचा व्यापार म्हणून. पुढे ती लाकडी मॉडेल्स करू लागली आणि १९६० मध्ये तिने पहिलं प्लास्टिक मॉडेल काढलं, 'यामातो' युद्धनौकेचं. म्हणजे लाकडात मुरलेल्या गावाने माध्यम बदललं. आकाराची समज तीच राहिली.

पेणकडे अशी समज पिढ्यांपासून आहे. इथली डोळ्यांची आखणी लोक लांबून ओळखतात.

पेणचा रबरी साचा कुठे कामाला येईल?

स्टीलचा साचा परवडत नसेल तर मधला मार्ग जपानमध्येच सापडतो. तिथे 'गॅरेज किट' नावाचा प्रकार ऐंशीच्या दशकापासून रुजला आहे. हौशी शिल्पकार मूळ नमुना घडवतात, त्याचा सिलिकॉन रबराचा साचा करतात आणि त्यात रेझिन ओतून थोड्या प्रती काढतात. घेणारा त्या घासतो, जोडतो, रंगवतो. 'वंडर फेस्टिव्हल' या मेळाव्यात अशा किट्सचा बाजार भरतो. सिनेमा-मालिकांतली पात्रं असतील तर मूळ हक्कदाराकडून फक्त त्या दिवसापुरती विक्रीची परवानगी मिळण्याचीही सोय तिथे आहे.

मी हे सांगितलं तेव्हा आत्येभाऊ हसला. "म्हणजे आमचंच काम की! फक्त प्लास्टरऐवजी रेझिन."

बरंचसं तसंच आहे. प्रतींची संख्या कमी, साचा स्वस्त, झिजला की मूळ नमुन्यावरून नवा. बीआयएसच्या आदेशातही विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना सूट दिलेली आहे. पण दोन गोष्टी पाळाव्या लागतील. जपानी किटचा साचा काढून नकला विकणं ही सरळ चोरी आहे, त्या वाटेला जायचं नाही. आणि आकार आपला हवा. गंडम त्यांचा आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली गुराबं आणि गलबतं, कुलाब्याचा किल्ला, हे आपलं. दिवाळीत मातीचा किल्ला करणारी पोरं हे किट घेणार नाहीत, असं मला तरी वाटत नाही.

अडचण साच्याची नाही हे आता मला कळतं. मूर्तिकाराला आकार एकसंध पाहायची सवय आहे. तो तुकड्यांत कसा फोडायचा, खुंटी कुठे द्यायची, भोक किती सैल ठेवायचं, हे इंजिनीअरचं काम. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठापासून हमरापूर फार लांब नाही. पण या दोन ठिकाणची माणसं एका टेबलाशी बसल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

माझा रोबोट डिसेंबरमध्ये सुधारला. हवा कोरडी होती, पातळ हात दिल्यावर साय विरघळून गेली. डोळ्यांभोवतीची काळी रेघ आत्येभावाने आखणीच्या ब्रशने दिली, एका श्वासात. त्यानंतर त्याने शाडूत वीतभर गलबत घडवायला घेतलं आहे. ते नऊ तुकड्यांत फोडावं असं माझं म्हणणं. त्याच्या मते पाच पुरेत. डोलकाठी कुठून सुटी करायची, यावर दोघांचं अजून जमलेलं नाही.